खपलीची खीर

नागपंचमीच्या दिवशी आमच्या भागात विळीला हात लावायचा नाही. चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा चढवायचा नाही, जमीन खणायची नाही. वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावांत हा नेम पूर्वी फार कडक पाळला जाई. शेजारच्या बत्तीस शिराळ्यात तर नागपंचमी हाच वर्षातला सगळ्यात मोठा सण. मग त्या दिवशी खायचं काय? जे शिजवून आणि उकडून होईल ते. पुरणाची दिंडं हळदीच्या पानावर उकडली जात, आणि चुलीवर मोठ्या पितळी पातेल्यात खपली गव्हाची खीर रटरटत असे. दिंडं आम्ही मुलं दोन-दोन खाऊन उठायचो. खिरीच्या पातेल्याचा तळ दिसेपर्यंत मात्र कुणी जागचं हलत नसे.

गव्हाची खीर म्हटलं की बऱ्याच वाचकांच्या डोळ्यांपुढे दलियाची, दुधात शिजलेली खीर येईल. आमची खीर त्या जातीची नव्हे. ती अख्ख्या दाण्याची, गुळाची, गडद तपकिरी. दाणा फुटून फुलासारखा उलगडलेला असतो, पण पीठ झालेला नसतो. दाताखाली आला की तो किंचित तटतो आणि मग सुटतो. हे तटणं खपलीशिवाय दुसऱ्या कुठल्या गव्हाला साधत नाही.

खपली हा गहू मळणीत मोकळा होत नाही. कणीस मोडतं, त्याचे तुकडे पडतात, पण दाणे आपापल्या तुसाच्या आवरणातच राहतात, बहुधा एकेका आवरणात दोन-दोन. हे आवरण काढायला कांडावं लागतं, आणि ते निघालं तरी दाण्यावरचा कोंडा उरतोच. तोही खिरीसाठी काढायचा असतो. म्हणजे शेतातून घरात आल्यावर खपलीचं खरं काम सुरू होतं. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि खाली बेळगाव, धारवाड, विजापूर हा तिचा मुख्य पट्टा. सौराष्ट्रात तिला पोपटिया म्हणतात, तमिळनाडूत सांबा. देशात गव्हाखाली जेवढी जमीन आहे तिच्यातला जेमतेम एक टक्का या कुळाच्या गव्हाकडे उरला आहे.

माझी आज्जी आमच्या गावाचा पत्ता शेवटपर्यंत ‘जिल्हा सातारा’ असाच सांगायची. तिचं चूक नव्हतं. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला, आणि त्याचं सांगली हे नाव १९६० साली झालं. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे सगळे त्याआधी साताऱ्याचेच. आज्जीचं लग्न, पहिली बाळंतपणं आणि बेचाळीसची चळवळ हे सगळं सातारा जिल्ह्यात झालं होतं. प्रतिसरकारच्या दिवसांत रात्री-अपरात्री परड्याच्या दारानं येणाऱ्या पोरांना तिनं भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. त्याबद्दल ती बोलायची नाही, फार विचारलं तर “भुकेली हुती, दिल्या,” एवढंच.

आई मात्र खऱ्या अर्थानं सातारची, शनिवार पेठेतली. तिच्या माहेरी खीर व्हायची ती बन्सीचे गहू भरडून, त्यात भरपूर दूध घालून, वर वेलदोडा. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला आज्जीनं पातेलं तिच्यावर सोपवलं आणि ती देवळात गेली. आईनं माहेरच्या सवयीनं गहू अर्धेकच्चे असतानाच गूळ घातला. गूळ पडला की दाणा आखडतो. मग त्याला किती जाळ घाला, तो मऊ होत नाही. दुपार टळली तरी खीर शिजेना. आज्जी परत आली, तिनं पळीत चार दाणे घेऊन दाबून पाहिले आणि एकच वाक्य बोलली, “दाणा फुटल्याबिगर गूळ दाखवू नगंस त्येला.” खीर फेकली नाही. सगळ्यांनी ती चावून-चावून खाल्ली. ही गोष्ट आई आम्हाला दर पंचमीला सांगायची, तीही हसत नव्हे, अगदी गंभीरपणे, पुढच्या पिढीला सूचना द्यावी तशी.

*

खिरीची तयारी पंचमीच्या आधी चार-पाच दिवस सुरू व्हायची. आमच्या सोप्यात एका कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. त्याच्या तोंडावर एरवी लाकडी फळी असायची आणि फळीवर आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, चपला. आषाढ संपत आला की फळी निघायची. आज्जी कणगीतून दोन पायल्या खपली काढायची आणि सुपात पसरून तिच्यावर पाण्याचा हबका मारायची. हा हबका सगळ्यात महत्त्वाचा. पाणी कमी पडलं तर मुसळाखाली दाणा तुटतो आणि कण्या होतात. जास्त झालं तर दाणे एकमेकांना चिकटून लगदा होतो. आज्जीचं माप असं : हाताला ओल लागली पाहिजे, पण दाण्यावर पाणी दिसता कामा नये. मग ओलं फडकं टाकून ते तासभर झाकून ठेवायचं.

कांडायला दोघी लागत. समोरासमोर उभ्या राहून, एकाच उखळात, आळीपाळीनं. एकीचं मुसळ वर जाताना दुसरीचं खाली येणार. त्यात अर्ध्या क्षणाची चूक झाली तर मुसळावर मुसळ आपटायचं, म्हणून त्या दोघी डोळे उखळात ठेवून आणि श्वास जुळवून कांडत. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं होतं. सुरुवातीला तुसाचा खसखस आवाज यायचा. तूस सुटलं की आवाज भरीव व्हायचा. आवाज बदलला की आज्जी हात वर करायची, दाणे सुपात घेऊन पाखडायची, आणि पुन्हा हबका, पुन्हा उखळ. हा दुसरा फेरा कोंडा काढण्यासाठी. तो झाला की दाणा लख्ख, तांबूस, दोन्ही टोकांना निमुळता दिसायचा. दोन पायल्यांतून खिरीचे गहू निघायचे ते त्याहून बरेच कमी. उरलेलं तूस चुलीला जाई आणि कोंडा म्हशीला.

त्या दोघींतली एक आज्जी. दुसरी गावाच्या पश्चिमेकडच्या वस्तीतून यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. गावातल्या बहुतेक मोठ्या घरांची खपली तिच्याच हातांनी सडली जाई. श्रावणाच्या तोंडावर तिला क्षणाची उसंत नसायची. मोबदला धान्यात : सडलेल्या गव्हातला ठरलेला वाटा, वर कण्या. इतर घरांत ती परड्यातल्या उखळावर कांडायची, आणि सणाच्या दिवशी तिची खीर तिच्या भांड्यात, वरून, हात न लागता ओतली जायची. ही त्या काळची रीत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होती आणि कुणी ती लपवतही नसे.

आमच्या घरात उखळ सोप्यात होतं आणि मावशी पंगतीत बसायची. याचं कारण साताऱ्यात आहे.

*

आबा मूळचे अडाणी घरातले. त्यांच्या वडिलांना मुलानं शिकावं असं फार वाटे, पण गावात चौथीपुढे सोय नव्हती. त्या वेळी याच वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या एका माणसाचं नाव सगळीकडे झालं होतं. ते म्हणजे भाऊराव पाटील. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली ती साताऱ्याला नेली. धनिणीच्या बागेत त्यांचं वसतिगृह होतं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव मिळालं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशा सगळ्या जातींची मुलं एकाच छपराखाली राहत, पाळीपाळीनं स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. शंभर वर्षांपूर्वीच्या साताऱ्यात ही गोष्ट केवढी मोठी होती याचा अंदाज आज आपल्याला सहज येत नाही. मुलांना पाठवणाऱ्या घरांनाही ती सोपी नव्हती.

आबा तिथं गेले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई हयात नव्हत्या, त्या १९३० साली गेल्या. पण बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं, ही हकिगत तिथल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ होती. आबांचं शिक्षण पुरं झालं नाही. घरची शेती अंगावर पडली आणि ते परत आले. बोर्डिंगातून त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक, भाकरी थापण्याचं कौशल्य, ज्याचं गावातल्या बायकांना आयुष्यभर नवल वाटलं. दुसरी, पंगतीचा नियम. त्यांच्या घरात जो जेवेल तो ओळीत बसून जेवेल.

आज्जीनं तो नियम लगेच मान्य केला असं नाही. पहिली काही वर्षं घरात अबोला होता. भावकी दोन सणांना जेवायला आली नाही, असं चुलत्यांकडून मी ऐकलं आहे. पुढे कधी आणि कसं ते मिटलं, कुणी नीट सांगितलं नाही. माझ्या लहानपणी मात्र ते घरात मुरलेलं होतं. पंचमीला सोप्यात पाट मांडले जात. भिंतीकडच्या दुसऱ्या पाटावर मावशी बसे, तिच्या शेजारी मी, आणि आज्जी वाढत यायची ती पहिली पळी मावशीच्या पानात घालून. आज्जीचं त्यामागचं कारण आबांच्या कारणाहून वेगळं होतं. एकदा आईनं विचारलं, “आत्ती, पहिली पळी त्यांनाच का?” तर ती म्हणाली, “तिनं सडलंय. बरं झालंय का वाईट, तीच सांगंल.” आणि खरोखरच, मावशीनं घास घेऊन मान हलवल्याशिवाय आज्जी पुढच्या पानाकडे वळत नसे. आबांचा नियम साताऱ्याच्या शाळेतला होता आणि आज्जीचा उखळावरचा, हे मला फार उशिरा उमगलं. दोन्ही मला सारखेच मोलाचे वाटतात.

*

एका पंचमीला खपलीची खीर झाली नाही. १९७२चा दुष्काळ सरत होता, १९७३चा श्रावण. नदीकाठी असल्यामुळे आमच्या गावाला प्यायला पाणी होतं, पण आटपाडीकडचे पाहुणे जनावरं घेऊन महिनोन् महिने आमच्याकडे राहिले होते. खाणारी तोंडं वाढली आणि कणग्या रिकाम्या झाल्या. रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो, ती लाल ज्वारी, मिळायची. शाळेत सुकडी वाटत. मला तेव्हा आठ-नऊ वर्षं होती आणि मिलोच्या भाकरीचा वास आजही आठवतो.

एक कणगी मात्र भरलेली होती. तिचं तोंड शेणानं लिंपून बंद केलेलं होतं. आत खपलीचं बी. खपलीचं बी तुसासकट ठेवतात. त्या आवरणामुळे सोंड्याला दाण्यात शिरणं अवघड जातं, ओलही चटकन लागत नाही, आणि पेरतातही तुसासकटच. आम्ही पोरांनी हट्ट धरला की पंचमीपुरतं एक मापटंभर तरी काढ. आज्जी ऐकेना. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानंही शब्द टाकला. ती त्यांना म्हणाली, “बी खाल्लं तर पुढल्या साली काय खाशीला?” आणि तिनं मिलो भिजवला, कांडला, शिजवला आणि त्याची गुळाची खीर केली. ती चांगली झाली नव्हती. मावशीनं घास घेतला, मान हलवली नाही, आणि दुसरा घास घेतला. आज्जी पुढच्या पानाकडे वळली.

त्या हिवाळ्यात पाऊसपाणी सुधारल्यावर पाहुणे परत निघाले तेव्हा आज्जीनं त्यांच्यासोबत त्याच कणगीतलं अधोलीभर बी बांधून दिलं.

*

आमच्या कणगीतल्या या गव्हाचं नाव जगभरच्या गहू-शास्त्रज्ञांना ठाऊक आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्याची सुरुवात पुन्हा सातारा जिल्ह्यातच होते. महाबळेश्वरला, पर्यटकांची पावलं वळत नाहीत अशा ठिकाणी, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. गेरवा म्हणजे शेतकरी ज्याला तांबेरा म्हणतात तो रोग. गव्हाच्या पानाखोडावर विटकरी-काळ्या पुळ्या येतात, हात फिरवला तर बोटं माखतात, आणि दाणा भरतच नाही. ही बुरशी आहे. उन्हाळ्यात मैदानी मुलखात ती जगत नाही, निलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांत तग धरते, आणि हिवाळ्यात वादळी वाऱ्यांबरोबर तिचे बीजाणू उत्तरेकडे, आपल्याकडे येतात. महाबळेश्वरच्या थंड हवेत ती अभ्यासासाठी वर्षभर राखता येते.

या बुरशीच्या अनेक जाती आहेत आणि त्या ओळखायच्या कशा, हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा मोठा प्रश्न होता. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एल्विन स्टॅकमन यांनी एक पद्धत बसवली. निवडक बारा गव्हांवर बुरशी टाकायची आणि कुठला गहू बळी पडतो, कुठला टिकतो यावरून तिची जात ठरवायची. त्या बारांतल्या एका गव्हाचं नाव होतं ‘खपली’. भारतातून गेलेला, नावासकट गेलेला. एकामागून एक बुरशी त्याच्यावर टाकली तरी तो बहुतेकींना दाद देत नसे. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या वॉटरहाउस यांनी त्याचा तिकडच्या स्टाइनवेडेल या गव्हाशी संकर केला आणि त्या वाणाला दोघांची नावं जोडून खपस्टाइन म्हटलं. तांबेऱ्याला रोखणारे जे जनुक खपलीत सापडले त्यांतला एसआर-१३ आजही कामाचा आहे. १९९८ साली युगांडात सापडलेल्या आणि यूजी-९९ या नावानं धास्ती घालणाऱ्या तांबेऱ्यालाही तो थोपवतो. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी तो नेमका वेगळा करून दाखवला.

स्टॅकमन यांचे एक विद्यार्थी नॉर्मन बोरलॉग. त्यांनी मेक्सिकोत घडवलेले बुटके गहू साठच्या दशकात भारतात आले. त्यांच्यापासून कल्याणसोना आणि सोनालिका झाले, पुढे गुजरातेतून लोकवन आला, आणि आपल्या शेतांतून खपली झपाट्यानं बाहेर गेली. त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. मिलोची भाकरी खाल्लेल्या माणसाला ते करता येत नाही. नवा गहू दुपटीनं पिकत होता आणि मळणीतच मोकळा होत होता. शेतकऱ्यानं तो घेतला नसता तरच नवल.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की एवढं होऊनही खपली आपल्याकडे संपली नाही. ती टिकली ती एखाद्या योजनेमुळे नव्हे. खपलीची भाकरी रोज कुणी करत नव्हतं, चपातीला ती नडते, आणि बाजारात तिला भाव नव्हता. ती टिकली खिरीमुळे. ज्या घरांनी उसाच्या कडेला, हळदीच्या मोकळ्या झालेल्या तुकड्यात दोन-चार गुंठे खपली पेरणं सोडलं नाही, त्यांना दुसऱ्या कुठल्या गव्हाची खीर चालत नव्हती, एवढंच कारण. मिरज-शिरोळकडे लग्नकार्यात, कन्नड बोलणाऱ्या घरांत हुग्गी म्हणून, आणि गावोगावच्या यात्रांना, सप्त्यांना खीर-आमटीच्या महाप्रसादात ती लागतच होती. महाप्रसादाची खीर रात्रीच चुलवाणावर चढते. गुऱ्हाळाच्या काहिलीएवढ्या कढईत पुरुषमाणसं लाकडी वल्ह्यांनी ती पहाटेपर्यंत हलवत राहतात. सकाळी पत्रावळीवर खीर, तिच्यावर गार दूध, आणि शेजारी झणझणीत आमटी. गरम खिरीत गरम दूध घातलं तर गुळानं नासतं, म्हणून ते गार आणि पानावरच घ्यायचं.

*

अलीकडे खपलीला पुन्हा दिवस आले आहेत. पुण्यात, मुंबईत देखण्या पिशव्यांतून तिचं पीठ विकलं जातं. पिशवीवर पचनापासून मधुमेहापर्यंत बरंच काही लिहिलेलं असतं. त्यातलं एक स्पष्ट सांगायला हवं : खपलीत ग्लूटेन असतं. ज्यांना गव्हाचं वावडं डॉक्टरांनी सांगितलं आहे त्यांच्यासाठी ती नाही. बाकी तंतुमय घटक, प्रथिनं आणि सावकाश पचणं हे गुण आहेत, त्यावर अभ्यासही झाले आहेत. पण तिला औषध करून विकणं मला पटत नाही. इटलीत टस्कनीच्या गार्फान्याना खोऱ्यात याच कुळातला गहू फार्रो नावानं पिकतो आणि १९९६ पासून युरोपात त्याच्या नावाला संरक्षण आहे. तिथले लोक त्याचं सूप करतात आणि ते चवीसाठी खातात. आपल्या खिरीतला गूळ कोल्हापुरी म्हणून, बेदाणा सांगलीचा म्हणून भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे, सांगलीच्या हळदीलाही २०१८ साली ते मिळालं. खपलीचा विचारही खोऱ्याची चव म्हणून व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

शेतात बदल झाले आहेत. जुनी खपली उंच वाढायची आणि वाऱ्यात लोळायची. आता पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस २९७१ आणि धारवाड कृषी विद्यापीठाचा डीडीके १०२९ हे बुटके वाण पुष्कळ जण घेतात. ऊस उशिरा तुटून पेरणी लांबली तरी खपली निभावून नेते, हे तिकडचे शेतकरी आवर्जून सांगतात. सडायला यंत्रं आली आहेत. आमच्या गावाजवळच्या एका गिरणीत मी तासभर उभी राहिले. पोतं वर ओतलं जातं, तूस एकीकडे उडतं, दाणा दुसरीकडे पडतो. आज्जी आणि मावशी दिवसभर जेवढं कांडत तेवढं त्या तासाच्या आत झालं असेल. गिरणीवाल्याला विचारलं, तुटतो किती? तो म्हणाला, “ओल धरायला कळली तर तुटत न्हाई.” हबक्याचं ज्ञान यंत्रालाही लागतंच.

२०१९ची नागपंचमी ५ ऑगस्टला होती. आदल्या रात्री गावच्या घरी वहिनीनं नेहमीप्रमाणे खपली भिजत घातली होती. त्या आठवड्यात कृष्णा कशी चढली हे सांगली-साताऱ्याच्या वाचकाला सांगायला नको. सांगलीत १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५च्या पुरात हरिपूरची हळदीची पेवं गेली होती, तेव्हा आमच्या घराच्या पायरीला पाणी लागून परतलं होतं. त्या भरवशावर माणसं थांबली होती. या वेळी ते सोप्यात आलं आणि थांबलं नाही. वहिनी निघाली ती कागदपत्रं, औषधं आणि भिजवलेल्या खपलीचा डबा घेऊन. पाहुण्यांच्या घरी, इस्लामपूरला, तिनं खीर केली. तिथं आधीच आणखी दोन पूरग्रस्त कुटुंबं उतरली होती. ती कोण, कुठली, हे जेवणं झाल्यावर विचारलं गेलं.

पाणी उतरलं तेव्हा बियाण्याची पोती कुजली होती. दाण्याला मोड येऊन ते काळे पडले होते. उखळात गाळ भरला होता. तो काढायला दोन दिवस लागले असं वहिनी म्हणाली. बी गेलं याचं तिला घरातल्या टीव्ही-फ्रिजपेक्षा जास्त लागलं. तिनं नात्यात फोन फिरवले. आटपाडीच्या त्या पाहुण्यांच्या नातवाकडून, आज्जीनं १९७३ साली बांधून दिलेल्या बियाच्या वंशातलं म्हणून, थोडं मिळालं. ते निर्भेळ नव्हतं, मधल्या वर्षांत त्यात दुकानातलं बी मिसळलं होतं, हे त्यानं आधीच सांगितलं. वहिनीनं तेच पेरलं, आणि दोन हंगाम उंच वाढलेली, जुन्या वळणाची कणसं तेवढी निवडून ठेवली.

खीर आता वहिनी कुकरमध्ये करते. पुण्याहून भाची फोन करते तेव्हा ती तिला सांगते ते असं : वाटीभर सडलेली खपली रात्री भिजव. सकाळी पाणी बदलून मूठभर तांदळाच्या कण्या घाल, त्यानं खिरीला दाटपणा येतो. मंद गॅसवर शिट्ट्या मोजू नकोस, दाणा बोटानं दाबून बघ. फुटला असेल तर आणि तरच गूळ, गव्हाच्या सव्वापट. मग खोबऱ्याचा कीस, भाजलेली खसखस, सुंठ, जायफळ, थोडी बडीशेप कुटून, चिमूटभर मीठ. गूळ पिवळाधमक घेऊ नकोस, काळपट घे. बेदाणे घातलेस तरी चालतील, आज्जी घालत नव्हती.

भाची सडलेली खपली घेते ती आमच्याच गावातल्या बायकांच्या बचत गटाकडून. त्यांनी कर्ज काढून सडायचं लहान यंत्र घेतलं आहे आणि किलोच्या पिशव्या करतात. मावशीची नात त्या गटात हिशेब बघते. मी गेले तेव्हा तिनं मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि भाव सांगितला. घरोब्याखातर एक रुपयाही कमी केला नाही. ते अगदी योग्य केलं. तिच्या आजीनं कण्यांवर कांडलं, तिनं भावानं विकावं.

आजवर गट दुसऱ्यांची खपली विकत घेऊन सडत होता. यंदा त्यांनी नदीपलीकडे वीस गुंठे खंडानं घेतले आहेत. ऊस तुटला की तिथं पहिली पेरणी व्हायची आहे. नात बी मागायला वहिनीकडे आली होती. वहिनीनं निवडून ठेवलेल्यातल्या दोन पायल्या मोजून दिल्या. पैसे घ्यायचे की सुगीला बी परत घ्यायचं, यावर दोघींचं बराच वेळ चाललं होतं. शेवटी बी परत घ्यायचं ठरलं, सव्वापटीनं.